काकांचं मत राहू दे, काकांची फोनवही माग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: संख्याशास्त्राची पदवी हातात येऊन सात महिने झाले. डेटा ॲनालिसिसमधली नोकरी शोधते आहेस. शंभराच्या वर अर्ज गेले, चार मुलाखती झाल्या, ऑफर एकही नाही. दरम्यान काका म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. मावशी म्हणते शाळेत लाग, सुट्ट्या तरी मिळतात. मामा म्हणतात आमच्या ऑफिसात अकाउंट्सला चिकटवून देतो. मामेभाऊ म्हणतो एआय आलंय, तुझ्या लाइनचं आता काही खरं नाही. आई-बाबा स्वतः काही बोलत नाहीत, पण असा एखादा फोन येऊन गेला की घरात कोणी कोणाशी बोलत नाही. आणि तू विचारलं आहेस, की या सगळ्यांना न दुखावता गप्प कसं करायचं.

गप्प करू नकोस. उलट त्यांना जरा जास्त बोलतं कर, फक्त विषय बदलून.

हे वाचून चिडली असशील तर जरा थांब. बावीस वर्षं मी करिअर समुपदेशनाचं काम करते आहे, त्याआधी सहा वर्षं एका कंपनीच्या भरती विभागात होते. म्हणजे नोकरी शोधणारी मुलं मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत. जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात एखादे काका, एखादी मावशी, एखादे मामा येतातच. सांगून, चिडून, रडून नातेवाइकांचे सल्ले बंद पाडले, असं एकही घर मी अजून पाहिलेलं नाही. त्यामुळे ते बंद कसे करायचे यावर मी डोकं खपवत नाही. त्यांच्याकडून काय काढून घेता येईल, ते बघते.

आणि एक कबुली आधीच देऊन टाकते. मी स्वतःही आत्या आहे. भाच्याचं कॉलेज संपलं तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, की त्याला गेम्ससाठी साउंड डिझाइनचं काम करायचंय. दिवसभर हाच व्यवसाय करणारी मी, गॅलरीत कपडे वाळत घालत, फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबून म्हणाले, "ते छंद म्हणून ठीक आहे रे, आधी मास्टर्स करून ठेव." पाच मिनिटांत विषय संपला. हाच मुलगा अनोळखी म्हणून माझ्या ऑफिसात येऊन बसला असता, तर पहिली चाळीस मिनिटं मी नुसते प्रश्न विचारले असते. काय बनवलंयस, कोणाला ऐकवलंस, या कामाचे पैसे कोण देतं, तसं काम करणाऱ्या किती जणांशी बोललास. दोन वर्षांनी तो हसत हसत म्हणाला, "आत्या, तू त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारला नाहीस." मास्टर्स त्याने केलं नाही. बरं झालं.

सांगायचा मुद्दा, हे शिक्षणाने किंवा अनुभवाने जात नाही. माणूस जितका जवळचा, तितकी ही उबळ मोठी. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून पुढे आलेली समुपदेशनाची एक पद्धत विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी बांधली. समोरच्याचं चुकतंय असं वाटलं की ते लगेच सरळ करायला धावण्याच्या या सवयीला त्यांनी नावच दिलं आहे, आणि समुपदेशकांना शिकवतात ते हे, की आधी आपली ही उबळ आवरा. कारण ती आवरली नाही तर समोरचा माणूस हटकून उलट बाजू मांडायला लागतो. काका म्हणतात "परीक्षा दे", की तू परीक्षा का द्यायची नाही याची कारणं शोधायला लागतेस. कालपर्यंत तू त्या परीक्षेचा विचारही केलेला नसला तरी.

यात धोका तुलाच आहे. १९६६ मध्ये जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की आपली निवड कोणी हिरावून घेतंय असं वाटलं की माणसाला नेमकी तीच गोष्ट जास्त हवीशी वाटू लागते, आणि जी गळ्यात मारली जातेय ती नकोशी. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अकाउंटिंगमधलं काहीही करायला साफ नकार दिला होता, कारण वडील सी.ए. होते आणि रोज तेच म्हणायचे. वर्षभराने कळलं, की त्याला ऑडिटमधली शोधाशोध मनापासून आवडते. वर्ष गेलं ते वडिलांना 'नाही' म्हणण्यात. म्हणून एखादा पर्याय नाकारताना स्वतःला एकदा विचार: हेच मला कॉलेजातल्या आवडत्या सरांनी सुचवलं असतं तर?

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' हे तुला आतापर्यंत चारजणांनी तरी ऐकवलं असेल. म्हण चांगली आहे, पण नोकरी शोधण्याच्या सातव्या महिन्यात खरी अडचण ही असते, की मनालाच काही कळेनासं झालेलं असतं. शिवाय या म्हणीत जनांचं नुसतं ऐकायचं आहे. मी म्हणते, जनांना विचार. आणि मत विचारू नकोस, ते न विचारताही मिळतंच.

तुझे काका घे. तू लिहिलंयस, की ते बँकेत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. 'बँकेच्या परीक्षा दे' हे त्यांचं मत, आणि ते त्यांच्या काळातल्या नोकरीबद्दल आहे. पण या पस्तीस वर्षांत त्यांनी आणखी बरंच पाहिलं आहे. कर्जांचे आकडे कोण गोळा करतं, दर महिन्याचे एमआयएस रिपोर्ट, म्हणजे वरच्या साहेबांसाठी कामकाजाच्या आकड्यांचे गोषवारे, कुठे तयार होतात, थकबाकीचा अंदाज कोण काढतं, त्यांच्या बरोबरीचं कोण बँक सोडून कुठे गेलं. हे ते तुला कधी सांगत नाहीत, कारण त्याचा तुझ्याशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. 'डेटा ॲनालिसिस' म्हणजे काय हे त्यांना नीटसं माहीत नाही. तूही सांगितलं नसशील.

आणि काकांपेक्षाही, काकांचे ते बरोबरीचे लोक तुझ्या जास्त कामाचे आहेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली, त्यांना त्याने विचारलं, की त्या माणसाची आणि तुमची गाठ किती वेळा पडायची? 'वारंवार' म्हणणारे १६.७ टक्के निघाले. 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के, आणि 'क्वचितच' म्हणणारे २७.८ टक्के. नमुना छोटा होता, ५४ जणांचा. पण तर्क पक्का आहे: जवळच्या माणसांना साधारण तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी खबर लांबच्या माणसाकडून येते. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाले, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले, आणि गोष्ट बरीचशी तीच निघाली. फक्त त्यात एक बारकावा सापडला. अगदीच पुसट ओळख फारशी कामाला येत नाही. मध्यम विरळ ओळख सगळ्यात उपयोगी. आणि संगणकावर जास्त चालणाऱ्या क्षेत्रांत तर हे अधिकच खरं. तुझं क्षेत्र त्यातलंच.

काकांच्या बॅचमधला माणूस म्हणजे नेमकी ही मध्यम विरळ ओळख. काका मधला पूल. पुलाशी वाद घालण्यात काय अर्थ आहे?

प्रत्यक्षात हे कसं करायचं, ते एका तालमीवरून सांगते. मागे तुझ्यासारखीच एक मुलगी आली होती. तिला काकांच्या फोनची इतकी धास्ती होती, की आम्ही ऑफिसातच त्या फोनची तालीम केली. मी काका झाले.

"काय मग, लागलं का कुठे?"

"शोधतेय."

"किती दिवस शोधणार असं? मी तर म्हणतो..."

इथे मी तिला थांबवलं. 'शोधतेय' या उत्तराला काही आकारच नाही. त्यातून समोरच्याला कळतं ते इतकंच, की गाडी अडली आहे. आणि अडलेली गाडी दिसली की धक्का द्यायला माणसं पुढे येणारच. दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, "काका, माझं चाललंय व्यवस्थित, तुम्ही काळजी करू नका." हे तर त्याहून वाईट, कारण आता काकांना दारच बंद झालं. तिसऱ्या फेरीला जमलं:

"काका, या आठवड्यात दोन ठिकाणी अर्ज केलेत, एकाची चाचणी गुरुवारी आहे. बरं, मला तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्या बँकेत कोणती कर्जं बुडतील याचे अंदाज कोण काढायचं? तसला विभाग असतो ना? तिथलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का, नुसतं बोलायला?"

खऱ्या काकांना तिने फोन केला तेव्हा ते म्हणे काही क्षण गप्पच झाले. मग म्हणाले, "आमच्या बॅचचा एकजण होता तिकडे. आता कर्जदारांचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या एका कंपनीत गेलाय. थांब, नंबर बघतो." पुढे परीक्षेचा फॉर्मही भरून ठेव असं सांगायला ते विसरले नाहीत. तेवढं गृहीतच धरायचं.

त्या गृहस्थांनी तिला नोकरी दिली नाही. त्यांच्याकडे जागाच नव्हती. पण वीस मिनिटांच्या बोलण्यात तिला कळलं, की ती सगळीकडे 'डेटा ॲनालिस्ट' हा शब्द टाकून शोधत होती, आणि ज्या कामासाठी ती तयार होती, त्याच्या जाहिराती 'रिस्क' किंवा 'पोर्टफोलिओ मॉनिटरिंग' (म्हणजे दिलेल्या कर्जांवर नजर ठेवणं) या नावाने निघतात. तिने शोधायचे शब्द बदलले. तीन महिन्यांनी तशाच एका जागेवर रुजू झाली.

असं बोलणं मिळालं तर काही पथ्यं पाळ. काकांना सांग, "शब्द टाकू नका, फक्त माझी पुतणी फोन करेल एवढं सांगा." शब्द टाकला की समोरचा सावध होतो, त्याला वाटतं आता नोकरी मागणार. मग स्वतः मेसेज कर, आणि तो छोटा ठेव. 'नमस्कार सर, मी अमुक यांची पुतणी. संख्याशास्त्रात पदवी झाली आहे, कर्जांच्या आकडेवारीचं काम समजून घ्यायचं आहे. या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का? नोकरीसाठी शब्द टाका असं म्हणणार नाही.' शेवटचं वाक्य लिही आणि पाळ. बोलताना विचार, की दिवसभर नक्की काय करावं लागतं, नवीन मुलांना आधी काय देतात, कोणतं सॉफ्टवेअर वापरतात, जागा कुठे आणि कोणत्या नावाने निघतात. फोन ठेवताना, 'अजून कोणाशी बोलू?' पंधराव्या मिनिटाला थांब. रिझ्युमे त्यांनी मागितला तरच पाठव.

त्याच संध्याकाळी काकांना कळव. ही पायरी सगळी मुलं गाळतात. 'काका, बोलले, खूप उपयोग झाला, त्यांनी हे-हे सांगितलं.' दोन ओळी. यामुळे काय होतं, की काका सल्ला देणाऱ्यातून मदत करणाऱ्यात जातात, आणि मदत करणाऱ्या माणसाला स्वतःची मदत फळाला आलेली बघायची असते. पुढच्या फोनला ते विचारतील, "त्याचं पुढे काय झालं?" हा प्रश्न 'लागलं का कुठे'पेक्षा खूप सुसह्य असतो.

आता तुझ्या मनात येईल, की हा वशिलाच झाला. बऱ्याच प्रामाणिक मुलांना हे टोचतं, म्हणून स्पष्ट सांगते. भरती विभागात असताना एकेका जागेला काही शे अर्ज यायचे. आजकाल ते आधी सॉफ्टवेअरमध्ये जातात. पदवी, अनुभव, ठराविक शब्द यांची चाळणी लागते, आणि चाळणीतून उरलेले तरी कोणी सगळे वाचतं असं नाही. ओळखीचा माणूस म्हणाला, "ही मुलगी बरी वाटते, बघ," तर तो अर्ज उघडला जायचा. पुढची चाचणी, मुलाखत सगळ्यांना सारखीच. चाचणीच न घेता घेतलं तर तो वशिला. तुझी फाइल उघडली जावी यासाठी कोणाशी बोलणं हा वशिला नाही.

मामेभावाचं बघू. 'एआयमुळे काही खरं नाही' हे मत असलं तरी ते तपासता येण्याजोगं आहे, आणि असा कोणताही दावा मी एकाच पद्धतीने तपासायला लावते. तुला हव्या असलेल्या कामाच्या, गेल्या महिनाभरातल्या तीस जाहिराती उघड. नवोदितांसाठी असलेल्या किंवा वर्षभराचा अनुभव मागणाऱ्याच. एका तक्त्यात लिही: पदाचं नाव, मागितलेली कौशल्यं, अनुभवाची अट, चाचणी आहे का. तीस ओळी भरायला दोन संध्याकाळी लागतील. डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल ही भाषा कितीजण मागतात, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा किती, एआयची साधनं वापरता येणं कितीजण मागतात, हे तुझ्या डोळ्यांसमोर येईल. तुझ्या रिझ्युमेत यातलं काय आहे आणि काय नाही, हेही. साच्यातले रिपोर्ट काढणं आता यंत्राकडून होतं, यात तथ्य आहे. आकडा चुकलाय हे ओळखणारा माणूस अजून लागतो, यातही आहे. तुझ्या तीस जाहिरातींमध्ये कशाला किती वजन आहे ते मामेभावाला माहीत नाही, तुला दोन संध्याकाळींनी माहीत असेल.

जाता जाता तुझ्या आकड्यांबद्दल. शंभर अर्जांत चार मुलाखती याचा अर्थ अडचण मुलाखतीच्या आधी आहे. एकतर अर्ज भलत्या जागांना जातायत किंवा रिझ्युमे चाळणीत अडकतोय. चार मुलाखतींवरून तू मुलाखतीत वाईट आहेस असा निष्कर्ष काढू नकोस, संख्याशास्त्रवालीला नमुन्याचा आकार मी काय सांगू. अर्ज निम्मे कर आणि प्रत्येक रिझ्युमे त्या-त्या जाहिरातीला जुळवून पाठव. हे तुला कोणत्याही मावशीने सांगितलं नाही, कारण तुझे आकडे त्यांना माहीतच नाहीत. त्यांना दिसतं ते इतकंच, की मुलगी घरी आहे.

मावशीचं 'शाळेत लाग' हे फार मनावर घेऊ नकोस. ती सुट्ट्यांबद्दल बोलते आहे, कामाबद्दल नाही. "मावशी, तुला शाळेत काय आवडायचं?" एवढं विचार आणि तिला बोलू दे. प्रत्येक फोनमधून काही निघालंच पाहिजे असं नसतं.

एक न्याय मात्र जुन्या माणसांना द्यायला हवा. कोणत्या क्षेत्रात जा, कोणता कोर्स कर, ही त्यांची माहिती बहुधा शिळी असते. भरतीची पद्धत बदलली, पदांची नावं बदलली. 'स्वतः जाऊन साहेबांना भेट, फाइल दाखव' हे मोठ्या कंपनीत आता गेटवरच अडतं. दहा-पंधरा माणसांच्या फर्ममध्ये अजूनही चालतं, हेही खरं. पण माणसांबद्दल आणि व्यवहाराबद्दल ते जे सांगतात ते सहसा टिकतं. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय दुसरीकडचं सोडू नकोस. तोंडी पगारावर विसंबू नकोस. बॉन्ड असेल तर सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घे. नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगतात, मग ते डिपॉझिट म्हणोत नाहीतर ट्रेनिंग फी, तिथून उठून ये. माझ्याकडे फसून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना घरातल्या कोणीतरी हे आधी सांगितलेलं होतं, आणि त्यांनी ते 'जुनाट' म्हणून सोडून दिलं होतं.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात अवघड वाक्य मात्र आई-बाबांचं आहे. फोन येऊन गेला की घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

१९९३ मध्ये अमिराम विनोकुर आणि मिशेल व्हॅन रिन या संशोधकांनी बेरोजगार लोकांच्या जवळच्या नात्यांचा अभ्यास मांडला. जवळच्या माणसाचा आधार आणि जवळच्या माणसाचं खच्चीकरण, म्हणजे टीका, राग, अविश्वास, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. मनावर खच्चीकरणाचा परिणाम आधाराच्या परिणामापेक्षा जास्त निघाला. म्हणजे घरातले लोक दहा चांगली वाक्यं बोलले आणि एक उसासा टाकला, तर उसासा वरचढ ठरतो. तुझे आई-बाबा टीका करत नाहीत, पण त्यांची शांतता तू टीका म्हणूनच ऐकते आहेस. माझा अनुभव सांगतो, की बहुतेक घरांत ती टीका नसते. त्यांनाही फोन येतात, त्यांनाही विचारलं जातं, आणि त्यांच्याकडे सांगायला काही नसतं. तू त्यांना काही सांगतच नाहीस, कारण सांगितलं की तेही सल्ला देतील अशी तुला भीती.

यावर मी एक साधी गोष्ट करायला सांगते. आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, वीस मिनिटं. त्यात तू सांगायचं: या आठवड्यात काय केलं, काय उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात काय. त्यांना काय विचारायचं ते त्याच वीस मिनिटांत विचारू दे. बाकी सहा दिवस नोकरी हा विषय घरात निघणार नाही. पहिल्या आठवड्यात हे नाटकी वाटतं, बाबा घड्याळाकडे बघून हसतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत घरातली हवा बदललेली असते, कारण आता अंधारात कोणीच नसतं. आणि त्यांना नातेवाइकांसाठी एक तयार वाक्य दे: "तिचं ठरवून चाललंय, अमुक क्षेत्रात बघते आहे. तिथलं कोणी तुमच्या माहितीत असेल तर सांगा." हे वाक्य आई मावशीला म्हणाली, की मावशीचं बोलणं आपोआप दुसऱ्या दिशेला जातं. शिवाय आईला फोनवर गप्प बसावं लागत नाही, आणि तिला तेच सगळ्यात जड जात असतं.

हे सगळं सांगून झाल्यावरही काही माणसं अशी असतात, की त्यांना काही द्यायचं नसतं, फक्त टोचायचं असतं. अमक्याची मुलगी परदेशात गेली, तमक्याला एवढं पॅकेज. त्यांच्याशी प्रश्न-बिश्न काही करू नकोस. "छान झालं तिचं," म्हण आणि पाणी आणायला उठ. दुसऱ्यांदा तेच झालं तर सरळ सांग, "या विषयावर मला आत्ता बोलायचं नाही." वाईट दिसेल, दिसू दे.

राहिले मामा. त्यांचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बाकी सगळे सल्ला देतायत आणि मामा नोकरी देतायत. याला सल्ल्यासारखं उडवून लावू नकोस. ही ऑफर आहे, तिचा ऑफरसारखाच विचार कर.

अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस, टिल फॉन वाक्टर आणि अँड्र्यू हाइझ यांनी कॅनडातल्या पदवीधरांची बरीच वर्षांची आकडेवारी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. मंदीत पदवी घेतलेल्यांना सुरुवातीला सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास कमी कमाईवर सुरुवात करावी लागली. पाच वर्षांत हे अंतर निम्म्यावर आलं आणि दहाएक वर्षांत जवळजवळ भरून निघालं. ते कसं भरलं, हे तुझ्या कामाचं आहे: पहिल्या, कमी दर्जाच्या नोकरीतून हळूहळू चांगल्या ठिकाणी सरकत जाऊन. म्हणजे मनासारखी नसलेली पहिली नोकरी हा खड्डा नसतो, जर तिथून निघता येत असेल तर. मामांच्या नोकरीबाबत सगळा प्रश्न याच 'जर'चा आहे. कारण मामांनी आणलेल्या नोकरीतून चार महिन्यांत निघालीस, तर नाव मामांचं जाईल, आणि पुढच्या भाचरांसाठी त्यांना तोंड उघडता येणार नाही.

म्हणून मामांनाच विचार. काम नेमकं काय, नोंदी करायच्या की आकडे तपासायचे? अकाउंट्समध्येही वसुलीचा कल, खर्चाचा अंदाज, दोन याद्यांतल्या तफावती शोधणं असलं पुष्कळ काम असतं. ते मिळणार असेल तर तुझ्या रिझ्युमेत त्याला जागा आहे. किती दिवस थांबावं अशी त्यांची अपेक्षा आहे? वर्षभराने दुसरीकडे गेले तर चालेल का? दुसऱ्या मुलाखतींसाठी सुट्टी मिळेल का? या प्रश्नांना मामा मोकळेपणाने उत्तरं देत असतील, आणि एक वर्ष तुला झेपण्यासारखं वाटत असेल, तर घे. माझं मत विचारशील तर सातव्या महिन्यात मी याच बाजूला थोडी झुकते. घरातल्या त्या शांततेतून रोज सकाळी बाहेर पडण्याची किंमतही हिशेबात धरावी लागते. "एकदा लागलीस की चिकटून राहा" असं ते म्हणाले, तर घेऊ नकोस.

आणि नाही म्हणायचं ठरलं तर आठवडाभर लांबवू नकोस. त्यांनी तिकडे कोणाला तरी थांबवून ठेवलं असेल. आईकरवी निरोप नको, मेसेज नको. स्वतः फोन कर, पहिल्या दोन वाक्यांत सांग: "मामा, तुम्ही माझ्यासाठी बोललात, मला त्याची किंमत आहे. मी ती जागा घेत नाहीये, कारण वर्षाच्या आत मी सोडून जाईन आणि तुमचं नाव खाली जाईल." मग थांब. ते रागावतील, किंवा थोडा वेळ काही बोलणार नाहीत. ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस, तिथे कारणांची यादी सुरू केलीस की मामा एकेक कारण खोडायला लागतील. त्यांचं बोलून झालं की विचार, तुमच्या ऑफिसचे रिपोर्ट कोणती फर्म तयार करून देते, आणि तिथे कोणाशी बोलू.